चाकांवरचे घर आणि दोन पावसाळ्यांची हमी

प्रति,
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य
आणि
मा. संचालक, पर्यटन संचालनालय, महाराष्ट्र शासन

विषय : कॅराव्हॅन व कॅम्पर व्हॅन यांच्या निवासी भागातील बांधणीचे दोष आणि त्यांची जबाबदारी

महोदय,

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा फिरण्याची आवड असलेल्या अनेक कुटुंबांनी त्याचे मनापासून स्वागत केले, कारण जेथे हॉटेल नाही, जेथे स्वच्छ प्रसाधनगृहाची खात्री नाही आणि जेथे ऐन हंगामात एक खोली मिळवताना नाकी नऊ येतात, अशा कोकणातील व सह्याद्रीतील ठिकाणी मुक्काम करण्याचा सुटसुटीत मार्ग त्यामुळे खुला होणार होता. कॅराव्हॅन कोठे थांबावी, कॅराव्हॅन पार्क कोणी उभारावेत, नोंदणी कशी करावी आणि गाडीत कोणत्या सोयी असाव्यात, यांचा विचार त्या धोरणात झाला. मात्र त्या सोयी ज्या शेडमध्ये बांधल्या जातात तेथील कामाच्या दर्जाची हमी कोण देणार, आणि लाखो रुपये मोजून घेतलेल्या गाडीचे छत पहिल्याच पावसाळ्यात गळू लागले तर मालकाने कोणाचे दार ठोठावावे, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. प्रस्तुत पत्राचा विषय एवढाच आहे, आणि तो परिवहन व पर्यटन या दोन खात्यांच्या हद्दीवर बेवारस पडून असल्यामुळे हे पत्र दोन्ही अधिकाऱ्यांच्या नावे लिहिलेले आहे.

कॅराव्हॅन म्हणजे येथे झोपणे, स्वयंपाक, स्नान आणि शौच यांची सोय असलेली, स्वतःच्या इंजिनावर चालणारी गाडी अभिप्रेत आहे. कॅम्पर व्हॅन ही तिचीच लहान आवृत्ती होय, तर मोटारीमागे जोडून ओढायची ट्रेलर-कॅराव्हॅन आपल्याकडे अजून विरळाच दिसते. अशा गाडीचे दोन भाग पडतात. पहिला भाग चासीचा, म्हणजे सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, ब्रेक आणि चाके यांचा, जो मोठ्या वाहन-कंपनीच्या कारखान्यात ठरलेल्या आराखड्यानुसार आणि तपासणीच्या साखळीतून तयार होतो. दुसरा भाग निवासी, म्हणजे भिंती, छत, पलंग, ओटा, पाण्याच्या टाक्या, संडास, बॅटऱ्या, वायरिंग आणि गॅस यांचा, जो बहुतेक वेळा बॉडी बिल्डरकडे, म्हणजे चासीवर किंवा कोऱ्या व्हॅनमध्ये बांधकाम करून देणाऱ्या शेडमध्ये, हाताने बांधला जातो. पहिल्या भागाबद्दल मालकाला सहसा फारसे बोलायचे नसते. तक्रारी जवळजवळ सगळ्या दुसऱ्या भागाच्या असतात, आणि कायद्याचे लक्ष मात्र मुख्यतः पहिल्या भागावर असते. मालकांच्या मनस्तापाचे मूळ या विसंगतीत आहे.

ठाण्यातील नौपाड्यासारख्या वस्तीत हा मनस्ताप अधिक तीव्र होण्याचे एक अगदी स्थानिक कारण आहे. गोखले रस्ता, राम मारुती रस्ता, घंटाळी या परिसरातील जुन्या सहकारी सोसायट्या तीन-चार मजल्यांच्या आणि चिंचोळ्या आवाराच्या आहेत, तर पुनर्विकासानंतर उभ्या राहिलेल्या इमारतींतील स्टिल्ट, म्हणजे खांबांवरच्या मजल्याखालची वाहनतळाची जागा, साध्या मोटारींच्या उंचीचा हिशेब धरून बांधलेली असते. नऊ-दहा फूट उंचीची कॅराव्हॅन तेथे शिरतच नाही. परिणामी ती घोडबंदर रस्त्यालगत भाड्याच्या मोकळ्या जागेत, नाहीतर शहापूर-बदलापूरकडे एखाद्या नातलगाच्या प्लॉटवर उघड्या आभाळाखाली उभी राहते, आणि ज्या ठाण्यात चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो तेथे तिला सगळा पावसाळा अंगावर घ्यावा लागतो. अशी गाडी घेणारी कुटुंबे बहुधा निवृत्तीच्या उंबरठ्यावरची असतात. ज्या आईवडिलांना गुडघ्यांच्या दुखण्यामुळे किंवा वारंवार प्रसाधनगृहाला जावे लागत असल्यामुळे गुहागर-तारकर्लीचा प्रवास अशक्य झालेला असतो, त्यांना तो पुन्हा घडवावा ही त्यामागची इच्छा असते. गाडीच्या दर्जाचा प्रश्न श्रीमंतांच्या हौसेचा म्हणून बाजूला सारण्याची वृत्ती म्हणूनच अन्यायाची आहे.

निवासी भागाचे दोष नेमके कसे निर्माण होतात हे समजण्यासाठी छतावरच्या एसीचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. हा एसी बसवण्यासाठी छताचे पॅनेल, मग ते पत्र्याचे असो वा फायबरचे, सुमारे सव्वा फूट लांबीरुंदीच्या चौकोनात कापावे लागते. कापलेली कड प्रायमर लावून बंद करणे, भोकाभोवती आधाराची चौकट देणे आणि सांध्यात पॉलियुरेथेन सीलंट, म्हणजे सुकल्यावरही रबरासारखा ताणला जाणारा चिकट पदार्थ, भरणे ही त्याची योग्य पद्धत होय. घाईच्या कामात यांपैकी चौकट गाळली जाते आणि सीलंटऐवजी बाथरूमच्या फरशांसाठी मिळणारे साधे सिलिकॉन फिरवले जाते. घराची भिंत हलत नाही, म्हणून तेथे ते सिलिकॉन वर्षानुवर्षे टिकते. गाडीचे छत मात्र प्रत्येक खड्ड्यात आणि प्रत्येक वळणावर थोडे पिळवटते, एसीच्या वजनाने मधोमध दबते, त्या दबलेल्या जागी पाणी साचते, आणि महामार्गावर तासाला ऐंशी किलोमीटरच्या वेगाने समोरून येणारा पाऊस त्या सांध्यावर जोराने आदळत राहतो. सिलिकॉन एका कडेने सुटले की पाणी आत शिरते, पण ते तेथल्या तेथे ठिबकत नाही. आतल्या लोखंडी चौकोनी नळ्यांच्या सांगाड्यावरून वाहत जाऊन ते चार-पाच फुटांवर, पलंगाच्या उशाशी किंवा कपाटाच्या मागे प्रकट होते. मालक थेंब पडतो ती जागा दाखवतो, मेकॅनिक त्याच जागी पुन्हा सिलिकॉन लावतो, आणि पुढच्या सरीला गळती कायम राहते.

मधल्या काळात छत आणि आतले अस्तर यांच्यामध्ये उष्णतारोधक म्हणून भरलेला काचलोकरीचा थर पाणी धरून ठेवतो, नळ्यांची रंग न लावलेली टोके गंजू लागतात, प्लायवुड फुगते, त्यावरचा सनमायका कडेने उचलला जातो, कपाटांच्या बिजागऱ्यांचे स्क्रू मऊ झालेल्या लाकडातून निसटतात आणि गाडीत शिरताक्षणी ओलीचा कुबट वास येऊ लागतो. छताला पहिला पिवळट डाग दिसतो तेव्हा नुकसान कित्येक आठवड्यांचे झालेले असते. येथे प्लायवुडच्या प्रतीचा प्रश्नही येतो. भारतीय मानकांनुसार फर्निचरच्या सर्वसाधारण प्लायवुडसाठी आयएस ३०३ आणि सतत पाण्याशी संबंध येणाऱ्या मरीन प्लायवुडसाठी आयएस ७१० अशी वेगवेगळी मानके आहेत, आणि दोन्हींच्या किमतींत मोठे अंतर आहे. सनमायका चढवल्यावर आत कोणते प्लाय आहे हे पाहून ओळखता येत नाही, आणि मालकाच्या हाती पडणाऱ्या बिलावर बहुधा ‘इंटीरियर काम, एकरकमी’ एवढीच एक ओळ असते. नंतर वाद उद्भवला की कोणती प्रत ठरली होती हे सिद्ध करण्याचा कागदच त्याच्याजवळ नसतो.

वजनाची बाब याहूनही गंभीर आहे, कारण तेथे केवळ पैशाचे नव्हे तर जिवाचे मोल आहे. आठ बाय चार फुटांच्या, १८ मिलिमीटर जाडीच्या एका प्लायवुडचे वजन सुमारे ३५ ते ४० किलो भरते. शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो वाढतात. इन्व्हर्टरच्या दोन मोठ्या ट्यूब्युलर बॅटऱ्यांचे आणखी शंभराच्या वर होतात. त्यात एसी, फ्रिज, गॅस, भांडीकुंडी आणि सहा माणसे मिळवली म्हणजे चासीच्या कंपनीने ठरवून दिलेले एकूण भारित वजन, म्हणजे माणसे व सामान यांसह गाडी जास्तीत जास्त किती किलोची असावी ती मर्यादा, केव्हा ओलांडली जाते याचा पत्ताही लागत नाही. टाकी आणि संडास मागच्या चाकांच्या पलीकडे बसवण्याची रीत असल्यामुळे भार मागच्या ॲक्सलवर एकवटतो, पाटे बसतात, पुढची चाके हलकी होतात आणि माळशेज किंवा वरंधा घाटाच्या उतारावर ब्रेक तापतात. गाडी ताब्यात देताना टाक्या भरून ती वजनकाट्यावर उभी करण्यास अर्धा तासही लागत नाही, आणि असे वजनकाटे भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर हवे तितके आहेत. तरीही वजनकाट्याची पावती मालकाच्या हाती देण्याची प्रथा नाही.

वीज आणि गॅस यांबद्दल थोडक्यात एवढेच सांगता येईल की, २३० व्होल्टचा प्रवाह खेळवलेल्या धातूच्या पेटीत आरसीसीबी, म्हणजे गळणारा विद्युतप्रवाह ओळखून क्षणात पुरवठा तोडणारे उपकरण, नसणे हा अक्षम्य निष्काळजीपणा आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळलेला वायू तळाशी साठतो, आणि म्हणून गॅसच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे झरोके लागतात, ही गोष्टही बांधणाऱ्याच्या मर्जीवर सोडण्यासारखी नाही.

हे दोष केवळ इथल्या कारागिरांच्या अज्ञानातून आलेले नाहीत. अमेरिकेत इंडियाना राज्यातील एल्कहार्ट परगणा या उद्योगाची राजधानी समजला जातो आणि तेथील कारखान्यांत कामगारांना तासांऐवजी नगावर मोबदला देण्याची पद्धत रूढ आहे. करोनाच्या साथीनंतर मागणी उसळली आणि २०२१ मध्ये त्या देशात सहा लाखांहून अधिक गाड्या कारखान्यांबाहेर पडल्या, तेव्हा घाईत बांधलेल्या गाड्यांविषयीच्या तक्रारींनाही ऊत आला. ऑस्ट्रेलियातील स्पर्धा व ग्राहक आयोगाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालासाठी दोन हजारांहून अधिक कॅराव्हॅन-मालकांकडून माहिती घेतली, त्यांपैकी ८० टक्क्यांनी नव्या गाडीत दोष वा बिघाड आढळल्याचे सांगितले. मेलबर्न-सिडनीकडील मराठी कुटुंबे सुट्टीसाठी अशा गाड्या घेतात तेव्हा त्यांच्या वाट्यालाही हेच येते. फरक इतकाच, की तेथे सरकारी यंत्रणेने प्रश्न विचारले, आकडे गोळा केले आणि उद्योगाला त्याची कर्तव्ये लेखी समजावून दिली. आपल्याकडे शेडमधील कामे उक्ती दिली जातात, म्हणजे सुताराने, वेल्डरने आणि वायरमनने आपापले काम ठराविक रकमेत अंगावर घेतलेले असते. जो लवकर उरकेल त्याचा फायदा, अशी ही रचना असल्यामुळे कड प्रायमरने बंद करण्यात घालवलेला तास कोणाच्याच हिशेबात बसत नाही. दोष माणसांचा कमी आणि या रचनेचा अधिक आहे, आणि ती रचना बदलण्याची ताकद खरेदीदाराकडे नसून नियम करणाऱ्याकडे आहे.

तक्रार घेऊन मालक निघाला की टोलवाटोलवी सुरू होते. चासीची कंपनी म्हणते की, बॉडी तिची नाही. बॉडी बिल्डर म्हणतो, एसीची हमी एसीवाल्याची आणि बॅटरीची बॅटरीवाल्याची. एसीवाला म्हणतो, छत नीट बांधले नाही म्हणून पाणी आले. आणि विमा कंपनी सांगते की, हळूहळू होणारी झीज व ओल पॉलिसीत बसत नाही. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या कागदापुरते खरे असते. १८८५ मध्ये ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्याने डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांच्यासाठी ‘वाँडरर’ नावाची घोड्यांनी ओढायची निवासी गाडी बांधली, तीच हौशी प्रवासासाठीची पहिली कॅराव्हॅन मानली जाते. ती गाडी एका कारखान्याची होती आणि तिच्याबद्दल जाब विचारायचा तर एकच दार होते. आजच्या मालकापुढे पाच दारे आहेत आणि पाचही बंद आहेत. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात सदोष वाहने परत घेण्यास लावणारा कायदा असूनही मोटारहोमच्या बाबतीत तो चासी व इंजिनाच्या भागाला लागू होतो आणि माणसांच्या राहण्याचा भाग त्यातून वगळलेला आहे, यावरून ही फट किती रुंद आहे हे ध्यानात यावे.

भारतीय कायदा या फटीत मालकाला आणखी खोल ढकलतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही मर्यादा स्पष्ट शब्दांत अधोरेखित केली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. जुनी व्हॅन शेडमध्ये नेऊन तिची कॅम्पर करून घेणाऱ्यास ‘पासिंगची काळजी आमच्याकडे’ असे तोंडी आश्वासन मिळते; ते खोटे ठरले तर गुन्हेगार मात्र मालक ठरतो, आणि गळक्या छताची तक्रार करायला तो कचरतो, कारण तक्रार करणे म्हणजे स्वतःच्या गाडीतील बदलाची कबुली देणे. याच दुरुस्तीने कलम ११०-अ आणले, ज्यान्वये सदोष वाहने उत्पादकाला परत मागवण्यास शासन भाग पाडू शकते. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियमही लागू झाले. परंतु तेथे तक्रारींची किमान संख्या ठरवून दिलेली आहे, आणि वर्षाकाठी मोजक्याच गाड्या बांधणाऱ्या शेडच्या बाबतीत ती भरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

उरतो ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अंमलात आला आणि त्याने मालकाला काही खऱ्या सोयी दिल्या: गाडी परराज्यात बांधलेली असली तरी ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे नौपाड्यातील रहिवाशाला ठाण्यातच, तक्रार करता येते, आणि मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर ती जिल्हा आयोगापुढेच चालते. इतरांनी बनवलेले भाग जोडणाराही उत्पादकच समजला जाईल, अशी व्याख्या त्या अधिनियमात आहे, आणि बॉडी बिल्डरला ती चपखल लागू पडते. मात्र उत्पादन-दायित्वाच्या प्रकरणात, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची भरपाई उत्पादकाकडून घेण्याच्या तरतुदीत, ‘हानी’ या संज्ञेतून खुद्द त्या वस्तूचे नुकसान वगळलेले आहे. गॅसमुळे माणूस भाजला तर ती हानी होते, पण प्लायवुड सडून तीस लाखांची गाडी निकामी झाली तर ती त्या अर्थाने हानी होत नाही. मग मालकाला ‘सदोष वस्तू’ या सर्वसाधारण मार्गाने जावे लागते, दोन वर्षांच्या मुदतीत तक्रार करावी लागते आणि दोष सिद्ध करण्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल मिळवावा लागतो. कायद्यात अशा तक्रारीच्या निकालासाठी तीन महिने, आणि चाचणीची गरज पडल्यास पाच महिने, असा काळ सांगितला आहे. प्रत्यक्षात तो किती लांबतो हे आयोगाच्या पायऱ्या चढलेल्या कोणालाही विचारावे. तोवर कर्जाचे हप्ते थांबत नाहीत आणि पाऊसही थांबत नाही.

यात पर्यटन संचालनालयाने विशेष लक्ष घालावे अशी एक बाब आहे. व्यापारी हेतूने वस्तू घेणारा या अधिनियमाखाली ग्राहक ठरत नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतली असेल तरच अपवाद होतो. कॅराव्हॅन विकत घेऊन पर्यटकांना भाड्याने द्यावी हे तर शासकीय धोरणाचेच आवाहन आहे. म्हणजे ज्याने शासनाच्या शब्दावर विसंबून गाडी घेतली, दोन चालक नेमले आणि ती भाड्याने लावली, तो बांधणीतील दोषाविरुद्ध ग्राहक म्हणून उभा राहायला गेला की ‘आपण ग्राहकच नाही’ असे विरुद्ध पक्ष म्हणू शकतो. धोरणाने ज्याला बोलावले त्याच्या पाठीशी उभे राहणे हे धोरणकर्त्यांचे कर्तव्य ठरते.

ठाण्यातील मध्यमवर्गाला या बाबतीत एक तुलना सहज सुचते. नौपाड्यातील जुनी इमारत पाडून नवी उभी राहते तेव्हा सदनिका विकत घेणाऱ्याला स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षे संरक्षण असते. बांधकामातील, कारागिरीतील किंवा दर्जातील दोष दाखवून दिल्यावर विकासकाने ३० दिवसांत, वेगळे पैसे न घेता, तो दूर करायचा असतो. त्या विकासकानेही सिमेंट एकाकडून, नळ दुसऱ्याकडून आणि लिफ्ट तिसऱ्याकडून घेतलेली असते, पण ओल आली की रहिवाशाने सिमेंटच्या कंपनीकडे जावे असे कोणी म्हणत नाही. ज्याने सगळे एकत्र करून विकले त्याने उत्तर द्यावे, हे तत्त्व महाराष्ट्राने घरांच्या बाबतीत २०१७ पासून राबवून दाखवले आहे. चाकांवरच्या घराला ते लागू करण्यात तत्त्वाची कोणतीही अडचण नाही.

साधनांचीही फारशी नाही. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वाहन-उद्योग मानक अस्तित्वात आहे आणि वाहनांच्या नमुन्यांची चाचणी करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांपैकी पुण्याची एआरएआय व सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा तीन आपल्याच राज्यात आहेत. परंतु नमुना मंजूर होणे आणि त्यानंतर शेडमधून बाहेर पडणारी प्रत्येक गाडी नीट बांधलेली असणे यांत पुष्कळ अंतर आहे. ते अंतर भरून काढण्याचे एक साधन प्रत्येक प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या फायलीत आधीच पडून आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नमुना २२-अ हा चासी व बॉडी वेगवेगळ्या ठिकाणी तयार झालेल्या वाहनांसाठी असतो. त्याचा पहिला भाग चासीच्या उत्पादकाने आणि दुसरा भाग बॉडी बिल्डरने सही करून द्यायचा असतो. म्हणजे निवासी भाग बांधणाऱ्याची सही शासनाकडे असते. ती नोंदणीपुरती वापरली जाते आणि मालकाला बहुधा तिचा पत्ताही नसतो.

परिवहन आयुक्तांकडे पहिली विनंती अशी की, कॅराव्हॅनच्या नोंदणीच्या वेळी या दुसऱ्या भागाची साक्षांकित प्रत मालकाला द्यावी, असे परिपत्रक काढावे. केंद्रीय नियम बदलणे राज्याच्या हातात नाही हे मान्य. पण प्रत देण्यासाठी नियम बदलावा लागत नाही. दुसरी विनंती पर्यटन संचालनालयाकडे आहे. धोरणाखाली नोंदणी आणि सवलती देताना गाडी बांधणाऱ्याचे लेखी हमीपत्र ही अट घालावी, आणि त्या हमीपत्रात निवासी भागाच्या सर्व दोषांची जबाबदारी, मग तो दोष एसीच्या सांध्यातील असो वा बॅटरीच्या वायरीतील, एकाच नावावर घेतलेली असावी. गाडी ताब्यात देण्यापूर्वी शॉवर टेस्ट, म्हणजे चारही बाजूंनी व वरून दाबाने पाणी मारून गळती तपासण्याची चाचणी, झाल्याची नोंद, भरलेल्या टाक्यांसह वजनकाट्याची पावती, परवानाधारक वायरमनचा दाखला आणि वापरलेल्या प्लायवुडची प्रत हे सारे त्याला जोडलेले असावे. मोठ्या मोटार-कंपन्या आपल्या प्रत्येक मोटारीवर असे पाणी मारून पाहतात; एका शेडला एक पंप आणि थोडे पाइप लावून हे करता येईल.

हमीची मुदत किलोमीटरमध्ये किंवा महिन्यांत न मोजता दोन पूर्ण पावसाळ्यांची असावी, यावर या पत्राचा विशेष भर आहे. दिवाळीत घेतलेल्या गाडीची एक वर्षाची हमी कागदावर भरघोस दिसते, परंतु पावसाळ्यात बंद ठेवलेली गाडी नवरात्राच्या सुमारास उघडून कपाटे तपासली जातात तेव्हा कुठे पहिली ओल सापडते, दुरुस्तीची तारीख मिळेपर्यंत हमी संपलेली असते, आणि झालेली दुरुस्ती खरोखर टिकली की नाही हे पुढच्या आषाढापर्यंत कोणालाच कळत नाही. पहिला पावसाळा दोष दाखवतो आणि दुसरा दुरुस्तीची परीक्षा घेतो. म्हणून दोहोंचा समावेश केल्याखेरीज हमीला अर्थ राहत नाही.

यामुळे गाड्या महाग होतील, असा आक्षेप येईल, आणि तो काही अंशी खरा आहे. परंतु आज स्वस्त गाडी घेणारा मालक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी छत उघडून पुन्हा बांधतो तेव्हा तो फरक व्याजासकट भरतोच. पुणे-ठाणे पट्ट्यात नीट काम करणारे बॉडी बिल्डरही आहेत, कडा बंद करणारे, मरीन प्लाय वापरणारे, वायरिंगचा नकाशा हातात देणारे. त्यांचे दरपत्रक मोठे दिसते आणि आतले काम झाकलेले असल्यामुळे खरेदीदार स्वस्त शेडकडे वळतो. हमीपत्राची अट आली तर या प्रामाणिक कारागिरांनाच तिचा सर्वांत आधी लाभ होईल. त्यांच्याशी सल्लामसलत करूनच चाचण्यांचा तपशील ठरवावा, कारण कोणता सांधा कशाने सुटतो हे त्यांच्याइतके कोणत्याही समितीला ठाऊक नसते.

संचालनालयाने अशा गाड्यांविषयीच्या तक्रारींची बांधणाऱ्याच्या नावानिशी नोंदवही ठेवून ती लोकांना पाहण्यासाठी खुली करावी, म्हणजे परत मागवण्याच्या नियमातील संख्या भरत नसली तरी एकाच शेडच्या तीन गाड्यांची छते एकाच जागी गळतात हे चौथ्या खरेदीदाराला आधी कळेल. सुरुवात संपूर्ण राज्यात एकदम करण्याचीही आवश्यकता नाही. एमएच-०४ आणि एमएच-०५ या मालिकांची ठाणे व कल्याणची कार्यालये त्यासाठी सोयीची आहेत, कारण येथे शेडही जवळ आहेत, वजनकाटेही आहेत आणि पाऊस तर आहेच. नमुना २२-अ च्या दुसऱ्या भागाची प्रत देण्याचे परिपत्रक मे अखेरीपूर्वी निघाले, तर येत्या जूनपासून नोंदल्या जाणाऱ्या गाड्यांच्या मालकांजवळ निदान एक नाव आणि एक सही असेल.

कळावे,
नौपाडा, ठाणे येथील एक ग्राहक